माणशी दर आणि शेलवाडीची गळालेली नावं

१

दीपमालानं मत द्यायला मोबाइल उघडला, तर पडद्यावर एकच ओळ आली: ‘आपण या कट्ट्याचे सभासद नाही.’ तिनं जावेला विचारलं, तिचंही तेच. शेजारणीचंही तेच. संध्याकाळी मतदान संपलं, आणि शेलवाडीच्या केळी उत्पादक गटाचं गोदाम भुजंग व्यापाऱ्याला भाड्यानं द्यायचं ठरलं. त्याच गोदामात बायकांना केळीच्या वेफर्सचा धंदा काढायचा होता. गटाच्या यादीतून निम्म्याहून जास्त नावं गळाली होती आणि त्यात बहुतेक सगळ्या बायका होत्या.

गावानं चोर लगेच शोधला. संकेतस्थळ सांभाळायचा सत्यम. सातबारे आणि पीकविम्याचे अर्ज भरून देण्याचं त्याचं ऑनलाइन सेंटर होतं. त्याच्या शटरवर कोणीतरी कोळशानं ‘विकाऊ’ असं लिहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या पायरीला गिऱ्हाईक लागेना. घरात नवी नवरी, दुकानाच्या कर्जाचा हप्ता चालू, आणि गावात तोंड दाखवायची सोय नाही.

ही बातमी नांदेडला विनीताच्या ऑफिसात पोचली. गावांना, मंडळांना, गटांना आपलं संकेतस्थळ उभं करता यावं म्हणून विनीतानं ‘कट्टा’ नावाचं सॉफ्टवेअर काढलं होतं. कट्टा फुकट. त्यावर वर्गणी, बाजारभाव, वधूवर, मतदान अशी एकेक सोय जोडायची तर तिचे पैसे. या सोयींना तिच्या ऑफिसात जोडॲप म्हणायचे, आणि त्यांचा दर ठरवला होता माधवरावांनी.

माधवराव म्हणजे विष्णुपुरीच्या कॉलेजात जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेले विनीताचे सर. माणूस सज्जन, पण आपण फार हुशार आहोत हे त्यांना जरा जास्तच माहीत होतं. जोडॲपचा दर त्यांनी माणशी ठेवला होता. ज्या गावात माणसं जास्त त्याला फायदा जास्त, म्हणून त्यानं जास्त द्यावं, लहान वस्तीनं कमी द्यावं. विनीतानं तेव्हा विचारलं होतं, “सर, नाव वाढलं की बिल वाढणार. मग लोक नावं वाढू देतील?”

“लोक इतके अप्पलपोटे नसतात, विनीता,” असं म्हणून त्यांनी विषय संपवला होता.

आता विनीता म्हणाली, “सर, आपल्या मतदानाच्या ॲपवर आळ आलाय. पोलिसांत जायच्या आधी तुम्ही एकदा बघता का?”

माधवरावांना निवृत्तीनंतर असं कोडं कोणी घातलंच नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाले.

२

सत्यमचं शटर अर्धं खाली होतं. कोळशाची अक्षरं त्यानं पुसायचा प्रयत्न केला होता, तरी वाचता येत होती. माधवराव वाकून आत गेले. तिशीच्या आतबाहेरचा सडपातळ माणूस बंद कॉम्प्युटरसमोर बसला होता.

“मी कट्ट्याच्या ऑफिसातून आलोय,” माधवराव म्हणाले. “बाहेरून कोणी तुमचा पासवर्ड चोरला का, एवढंच बघायचंय.”

“कोनी चोरला न्हाई.”

“मग नावं कोणी काढली?”

सत्यमनं मान वर केली. माधवरावांना वाटलं होतं तो शपथा घेईल, रडेल, दुसऱ्याकडे बोट दाखवेल.

“मीच काढली,” तो म्हणाला. “एकेक करून काढली.”

“भुजंगनं सांगितलं म्हणून?”

“न्हाई.”

“मग कोणी?”

सत्यमनं मागं वळून पाहिलं. आतल्या दारात त्याची बायको उभी होती. तिनं नवऱ्याकडे नुसतं पाहिलं आणि आत निघून गेली. ज्याच्या घरात पैसे आले त्या घरातली बाई असं बघत नाही, एवढं गणिताच्या मास्तरालाही कळत होतं.

“बोलला नाहीत तर लोक तुम्हालाच धरणार.”

“धरूनच राहिलेत की, सर.”

३

दीपमाला गोदामाच्या ओट्यावर भेटली. बचत गटाची अध्यक्ष, बोलायला फटकळ. तिच्या मनात शंकेला जागाच नव्हती.

“भुजंगानं पैसं चारलं. आमच्या सगळ्या बायका कामून गेल्या मग? आमी त्याला गोदाम देणार न्हाई हे त्याला बराबर ठाव होतं.”

“सगळ्या गेल्या?”

दीपमाला थांबली. “सगळ्या न्हाई. चौकात हाटेल चालवती ती रत्नम्मा राहिली. देगलूरकडची. नवरा वारल्यावर ती एकटीच असती. आनी दोन-तीन म्हाताऱ्या राहिल्या.”

“रत्नम्मानं मत कोणाला दिलं?”

“आमालाच. उघड सांगती ती.”

माधवरावांनी हे मनात टिपलं. बायकांची मतं मारायला निघालेला माणूस सगळ्यात बोलकी बाई का सोडेल?

भुजंगकडे गेले तर तो वैतागलेलाच होता. केळीच्या ट्रकला ताडपत्री बांधत म्हणाला, “मी शेण खाल्ल्यावानी सगळे माझ्याकडं बगून राहिले. आवो, माझ्या पोराचं नाव गेलं. माझ्याच घरात राहणाऱ्या दोन पुतण्यांची नावं गेली. मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेईन का?”

“मग पुरुषही गेले?”

“गेले की. बायका जास्त गेल्या म्हनून बोभाटा बायकांचा. पोरंसोरं बी गेली. आनी तिकडं बगा, रुद्रेश आनी विनोद. सख्खे भाऊ, एका वाड्यात राहत्यात, दोघांची बी नावं जागच्या जागी. माझ्या घरचे चौघं, मी एकटा राहिलो. हा कुठला न्याय?”

रुद्रेश आणि विनोदचं भांडण तर गावभर गाजलेलं होतं. दिवाळीत दोघांनी मधे पत्र्याची भिंत घातली होती आणि तेव्हापासून ते एकमेकांचं पाणीही पीत नव्हते.

तेवढ्यात मारुतीच्या देवळावरचा भोंगा वाजला. भंडाऱ्याचं सांगणं होतं. चुलीमागं पायलीभर गहू, उद्या सांजच्यापर्यंत देवळात आणून द्यावा. भुजंगनं हातातला दोर तसाच धरून ऐकलं आणि पुटपुटला, “द्यावा लागंल.” मग त्यानं पुन्हा ताडपत्री ओढायला घेतली.

माधवरावांनीही ऐकलं, आणि सोडून दिलं. चोर पैशासाठी आला, मतासाठी आला की सूड म्हणून आला, एवढ्यातच त्यांचं डोकं फिरत होतं.

४

गटाचे अध्यक्ष वैजनाथ घरीच होते. पांढरे कपडे, बोलणं मऊ, गावात शब्दाला वजन. सुनेनं बैठकीत चहा आणून ठेवला.

“पोरगं चांगलं होतं,” वैजनाथ बशीकडे बघत म्हणाले. “पैसं बघून फिरलं आसल. काय सांगावं.”

“तुम्हाला तसं वाटतं?”

“गाव म्हनतंय.” त्यांनी बशी उचलली, पण चहा प्यायला नाही.

मागच्या दारानं एक म्हातारी आली. वैजनाथांची आई, सिंधुबाई. डोळे धुरानं लाल झालेले, हातात ताटली, त्यात ज्वारीची गरम भाकरी, दही आणि ठेचा. “नांदेडहून आलात, उपाशी कामून जाता,” म्हणून तिनं ताटली समोर ठेवली. बैठकीतून आतला गॅस दिसत होता. त्यावर फक्त चहाचं भांडं होतं. भाकरी भाजल्याची खूण तिथं कुठंच नव्हती. माधवरावांनी भाकरी आवडीनं खाल्ली. वैजनाथ मात्र आई परत जाईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिले.

शेलवाडीजवळच्या अर्धापूरच्या स्टँडवर नांदेडच्या गाडीची वाट बघताना अनयचा फोन आला. अनय म्हणजे विनीताच्या ऑफिसात प्रोग्रॅम लिहिणारा.

“सर, गंमत आहे. नावं मतदानाच्या धांदलीत गेलेली नाहीत. गोदामाचा विषय निघण्याच्या बऱ्याच आधी गेली. आपण त्यांना मतदानाच्या जोडॲपचा दर कळवला ना, त्याच दुपारी.”

“दर कळवला त्याच दुपारी?”

“हो. तोवर कोणाला माहीतच नव्हतं की मत कशावर द्यायचंय.”

गाडी आली आणि गेली. माधवराव बाकावरच बसून राहिले. त्यांच्या डोक्यात रत्नम्मा आली, एकटी राहणारी. पत्र्याच्या भिंतीचे दोन भाऊ आले. भुजंगच्या घरातला एकटा भुजंग आला. मग भोंगा आला, आणि सगळं एकदम जागेवर बसलं.

माणशी दर. नाव कमी तर बिल कमी. पण नावं कमी करायची कोणत्या मापानं? गावाला एकच माप माहीत होतं. भंडारा असो, जत्रा असो, देवळाचा रंग असो, वाटा चुलीमागं. एका चुलीला एक नाव, आणि ते नाव घरच्या कर्त्याचं. विधवेची चूल तिच्या नावानं, म्हणून रत्नम्मा राहिली. भावांच्या चुली दोन, म्हणून भाऊ दोघेही राहिले. बायका, पोरं, पुतणे दुसऱ्याच्या नावाखाली जेवणारे, म्हणून ते गळाले. कोणी मत चोरलंच नव्हतं. गाव फक्त नेहमीसारखं काटकसरीनं वागलं होतं.

कोडं सुटल्याच्या आनंदात माधवराव उठून उभे राहिले, आणि तसेच परत बसले. नावं गाळायला लावली ती त्यांच्या दरानं. विनीतानं हेच विचारलं होतं, आणि त्यांनी लोक इतके अप्पलपोटे नसतात असं सांगून तिला गप्प केलं होतं. बाजूला शेंगा विकणारी बाई त्यांच्याकडे बघत होती. तिनं काही ओळखलं नसणार, तरी त्यांना मान वर करवेना.

त्यांनी सत्यमला फोन लावला. “चुलीमागं एक नाव. बरोबर?”

 सत्यम म्हणाला, “सर, तुमाला कळलं ना, बास झालं. गावात सांगू नका. मी हाय ना चोर.”

“अहो, वेडे आहात का तुम्ही?”

“पाया पडतो, सर. इथंच ऱ्हाऊ द्या.”

५

माधवरावांनी सोडलं नाही. निरपराध माणसाला चोर म्हणून जगू द्यायचं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि इथं तर चोरही नव्हता. हे झालं खरं कारण. दुसरं कारण असं की इतकं सुरेख उत्तर सापडल्यावर ते न सांगता राहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

मारुतीच्या मंडपात सभा भरली. बायका डाव्या हाताला, पुरुष उजव्या हाताला. विनीताही आली होती. सत्यम अगदी मागं, खांबाला टेकून उभा. माधवराव उभे राहिले आणि वर्गात बोलावं तसं बोलू लागले.

आधी त्यांनी स्वतःची चूक सांगितली. दर माणशी ठेवला तो मी, म्हणाले. मग भुजंगचं घर घेतलं, आणि भुजंगनं “बगा, मी म्हनलं नव्हतं का” म्हणून मांडीवर थाप मारली. मग रत्नम्मा घेतली. रुद्रेश-विनोदचं नाव घेतलं तेव्हा लोक हसले, कारण ती भिंत जगाला माहीत होती. दीपमालाचा चेहरा सैल पडत गेला. ती मागं वळून सत्यमकडे बघू लागली. खरं म्हणजे एवढ्यावर काम झालं होतं. सत्यम सुटला होता, भुजंग सुटला होता, आणि कोडंही सुटलं होतं. चौथं उदाहरण द्यायची काही गरज नव्हती.

पण सिद्धता पुरी करायची खोड. “आणि शेवटचा पुरावा,” माधवराव म्हणाले. “अध्यक्षांच्या घरात दोन नावं राहिली आहेत. वैजनाथराव आणि सिंधुबाई. गाव ज्या घराला एकत्र कुटुंब समजतं, तिथं आईला आपला घास आपण शिजवून खावा लागतो. मागच्या अंगणात चूल आहे. मी स्वतः त्या चुलीची भाकरी खाल्ली आहे. म्हणूनच हा हुकूम कोणी दिला हे अध्यक्षांनी सांगितलं नाही, आणि म्हणूनच सत्यमही...”

 पुरुषांच्या बाजूनं कोणीतरी नाकातून हसलं. वैजनाथांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिले. एवढ्या मोठ्या मंडपात त्यांना बघायला दुसरी जागा उरली नव्हती.

“मीच सांगितलं होतं पोराला,” ते म्हणाले. “चुलीमागं एक नाव ठेव म्हनलं. बिल बघून घाबरलो. त्याचा काई गुन्हा न्हाई.”

बायकांतून सिंधुबाई उठल्या. पदर सारखा केला आणि कोणाकडेही न बघता मंडपातून उतरून गेल्या. चालताना त्यांनी एकदा भिंतीचा आधार घेतला.

“सर,” दीपमाला म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “घरोघरी मातीच्या चुली आसतात. इथं कामून काढली?”

  माधवरावांनी मागं पाहिलं. सत्यमची निर्दोष सुटका आत्ताच झाली होती आणि तो त्यांच्याकडे असा बघत होता की जणू घाव त्याच्यावरच बसला होता.

“मला म्हातारीनं हात जोडून सांगितलं होतं,” सभा पांगल्यावर तो जवळ येऊन म्हणाला. “लेकराची झाकली मूठ ऱ्हाऊ दे म्हनली. माझं दुकान चार म्हयने बंद पडलं असतं, अजून काय. तुमी लई हुशार, सर.”

सत्यमच्या गावात ‘हुशार’ ही शिवी नव्हती. त्या दिवशी मात्र ती शिवीच होती.

६

परतल्यावर माधवरावांनी नवा दर मांडायला घेतला. पहिला मसुदा चुलीमागं दराचा केला. गावाचंच माप, गावाला पटेल. विनीतानं तो वाचला आणि हळूच म्हणाली, “सर, आता आपण चुली मोजायच्या?”

त्यांनी तो तिथल्या तिथं फाडला. शेवटी ठरलं ते साधं होतं. लहान गाव, मध्यम गाव, मोठं गाव असे तीन भाव, आणि आपण कुठल्या ऐपतीचे हे गावानंच सांगायचं. नावं कितीही, कोणी मोजायची नाहीत. काही गावं खोटं बोलतील, अनय म्हणाला. बोलू दे, माधवराव म्हणाले. माणूस गाळण्यापेक्षा ऐपत चोरलेली परवडली.

शेलवाडीची सगळी नावं परत आली. मतदान पुन्हा झालं आणि गोदाम बायकांना मिळालं. सत्यमच्या शटरला दीपमालानं स्वतः रंगाचा डबा आणून दिला. सगळं जिथल्या तिथं बसलं, असं विनीता म्हणाली. माधवरावांना मात्र झोपेत तो नाकातून हसणारा आवाज ऐकू यायचा. शेवटी माफी मागायला ते एकटेच शेलवाडीला गेले.

वैजनाथ घरात नव्हते. सिंधुबाई बैठकीच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसल्या होत्या, हात मांडीवर. डोळे स्वच्छ होते, धुराची लाली कुठं नव्हती.

“मी चुकलो,” माधवराव म्हणाले. “जे गरजेचं नव्हतं ते बोललो.”

“तुमी खोटं न्हाई बोलला.”

“चूल वेगळी होती हे खरं होतं. पण...”

“तेवढंच खरं होतं,” सिंधुबाई म्हणाल्या. “आपला घास आपन शिजवून खावा लागतो, आसं बोलला तुमी. लागतो. आवो, मला कोनी काढलं न्हाई. मालक गेल्यावर मीच चूल मागं नेली. सून चांगली हाय माझी, पर मला माझ्या हातची भाकर लागती. पाटच्याला उठायचं, चूल पेटवायची, मग मन लागायचं. वैजनाथ तवा लई रडला. लोक म्हनतील आईला टाकली, म्हनून रडला. म्हनून झाकून ठेवलं आमी.”

माधवरावांनी विचारलं, “मग त्या दिवशी सभेत तुम्ही का नाही सांगितलं?”

“सांगून? म्हातारी लेकावर पांघरून घालून राहिली, आसंच म्हनले आसते. तुमी नांदेडचे शिकलेले, तुमाला बी तसंच वाटलं ना.”

त्यांनी मागच्या दाराकडे पाहिलं. दारातून अंगण दिसत होतं. चूल जिथं होती तिथं शेणानं सारवलेली कोरी जमीन होती, आणि तिच्यावर मोटारसायकल लावलेली होती.

“दुसऱ्याच दिवशी त्यानं फोडली,” सिंधुबाई म्हणाल्या. “लोकांनी त्याला उभं राहू दिलं न्हाई. तोंडावर हसले. मी त्याला कशी म्हनू, राहू दे? त्याच्या इज्जतीपुढं चूल ती केवढी. गटात नाव आलं माझं परत, सत्यमनं दाखवलं मोबाइलवर. चांगलं झालं.”

माधवराव हात जोडायला गेले. सिंधुबाईंनी मान हलवून त्यांना थांबवलं. त्यात राग नव्हता, आणि तेच त्यांना सहन होईना. आपण किती अचूक होतो आणि किती थोडं कळलं होतं, हे त्यांना त्या कोऱ्या जमिनीकडे बघून कळलं. शरमेनं त्यांनी मान खाली घातली.

आतून सुनेनं हाक मारली, “आत्याबाई, ताट वाढलंय.”

सिंधुबाई खुर्चीचा हात धरून उठल्या.

“भूक न्हाई लागली आजून,” त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि जेवायला आत गेल्या.